विहारात राहिलेली काठी

भागुबाई : ती अंडी उचल आन् पिशवीत ठेव परत. मला नकोत.

दिशा : अगं आजी, अंडीच आहेत. शेंगदाण्याचे लाडूपण आणलेत. तुम्हाला विहारात व्यायाम झाल्यावर मिळायचे ना, तसलेच.

भागुबाई : कुणी दिलं? तुझ्या संस्थेनं का तू?

दिशा : मीच. येताना जळोचीतून घेतले.

भागुबाई : मग न्हाय. विहारात समद्यांबरुबर बसून खाल्लं त्ये येगळं व्हतं. आता वस्तीतल्या समद्या म्हाताऱ्या माणसांचं बंद झालं, आन् भागुबाईची नात बारामतीला संस्थेत कामाला हाय म्हणून भागुबाई एकटी वसरीत बसून अंडं सोलणार व्हय? शेजारच्या दारापत्तुर वास जातो त्याचा.

दिशा : मग वाटून टाक.

भागुबाई : एवढ्यात कुणाकुणाला पुरवू? त्ये ऱ्हाऊ दे. मला एक सांग, आमचा व्यायामाचा वर्ग बंद का केला? आमच्या लासुर्ण्यात ज्यो भेटंल त्यो मलाच इचारतो. मी म्हणते, वरच्यांनी ठरवलं. तूच तसं म्हणली व्हतीस फोनवर.

दिशा : हो.

भागुबाई : वरचं म्हंजी कोन गं?

दिशा : चहा टाकू का तुला?

भागुबाई : चहा झालाय माझा. वरचं म्हंजी कोन?

दिशा : वल्लरी मॅडम आहेत आमच्या, प्रमुख. त्यांच्यापुढं हिशोब ठेवतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या ज्या गावांत आपण म्हाताऱ्या माणसांना खाऊ दिला, व्यायाम घेतला, तिथं खर्च काय झाला आणि माणसांना गुण किती आला. संस्थेकडं पैसे ठरावीकच असतात ना. म्हणून जिथं तेवढ्याच पैशात जास्त गुण आला तिथं चालू ठेवायचं. जिथं खर्च झाला आणि गुण नाही, तिथं बंद.

भागुबाई : बरुबर हाय की. खत टाकून बी ज्या उसाला फुटवा येत न्हाय, त्याला परत कोन खत टाकील? आन् ह्यो हिशोब करतं कोन?

दिशा : मी.

भागुबाई : तू.

दिशा : लासुर्ण्याचं आणि डाळजचं बंद करा, जळोचीचं ठेवा, असं मीच लिहून दिलं. वरच्यांनी नुसती मान डोलावली. फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलले, आजी.

भागुबाई : म्हणून ही अंडी.

दिशा : म्हणून ही अंडी.

भागुबाई : बरं. मग आमचं मोजून काय आलं त्ये तरी सांग.

दिशा : काहीच नाही. वर्ग सुरू व्हायच्या आधी मी मोजलं होतं, आठवतंय? हात न टेकता खुर्चीतून उठायचं, मग विहाराच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं. मी घड्याळ लावायचे. वर्षानं पुन्हा मोजलं तर आकडा होता तिथंच. काही जण तर आधीपेक्षा हळू. वर्षभर दूध, अंडी, लाडू, व्यायाम घेणाऱ्या प्रतिक्षाचा पगार, सगळं झालं आणि आपलं गाव जागच्या जागी. डाळजचीही तीच गत. जळोचीचे रिटायर लोक मात्र असे चालले की काय सांगू. तिथले राम सर तर म्हणाले, परत एकदा घड्याळ लाव, मी याहून जोरात चालतो.

भागुबाई : त्येंना भ्या न्हाय ना.

दिशा : कशाचं भ्या?

भागुबाई : थांब जरा. बाजीराव भावजी त्येंच्या दारातच बसलेत. ओ भावजी, या जरा हिकडं. काठी नका हुडकू, या तसंच.

बाजीराव : आलो, आलो वैनी. कोन, दिशा का? जयभीम. कवा आलीस? बरं झालं भेटलीस. तुझ्या मॅडमला सांग, म्हणावं बाजीराव तात्या आजून बी सकाळी अंगणात हात वर-खाली करतो. पर एकट्याला लाज वाटती. कोंबड्या बघत ऱ्हात्यात.

दिशा : जयभीम तात्या. बसा ना.

भागुबाई : बसायच्या आदी ऐका. वर्ग का बंद झाला त्ये कळलं.

बाजीराव : त्यात काय कळायचं? पैसे सरलं आसत्याल.

भागुबाई : न्हाय. आपल्याला गुण आला न्हाय म्हणून बंद झाला. मोजायच्या दिवशी आपुन हळू चाललो म्हणून.

बाजीराव : कोन म्हणतं?

दिशा : मी म्हणते तात्या. माझ्याच घड्याळावरून लिहिलंय.

बाजीराव : आसं कसं? हळू चाललो तर चालू ठेवायला पायजे. ज्याला बरं न्हाय त्येलाच औषिद देत्यात ना? बरा झाला की म्हणत्यात, जा आता घरी.

दिशा : तात्या, तुम्ही असं का बोलताय?

भागुबाई : सांगा तिला.

बाजीराव : काय सांगू?

भागुबाई : मी सांगितलं तर चहाडी हुईल. तुमच्या तोंडानं सांगा.

बाजीराव : पोरीम्होरं कसं सांगू वैनी... बरं, ऐक दिशा. तू वर्षानं परत मोजायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी समद्यांना विहाराम्होरच्या पिंपळाखाली बसवलं. म्हणलं, ध्यानात ठेवा, धडधाकट दिसला त्येचं नाव गेलं. कंबर धरा. मधी थांबून खोकला काढा. खुर्चीतनं उठताना हात टेकल्याबिगर उठू नका. चालून बी दावलं मी त्येंना, कसं चालायचं त्ये. लोक पोट धरून हसली.

दिशा : तुम्ही शिकवलंत त्यांना?

बाजीराव : शिकवलं. आन् डाळजला माझा व्याही हाय, तात्याबा. त्येला बी फोन लावला. म्हणलं तुमच्याकडं बी येत्याल, जपून ऱ्हावा.

दिशा : डाळजलासुद्धा.

बाजीराव : मला वाटलं, मी पुण्य करतोय.

दिशा : पण का तात्या? मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. हे नुसतं बघण्यासाठी आहे, यात कुणाचं नाव जाणार नाही म्हणून.

बाजीराव : सांगितलं व्हतंस. तपासायला येणारा परत्येक माणूस त्येच सांगतो, पोरी. आपल्या सरुबाईला मागं कुठल्याशा योजनेतनं महिन्याला पैसे मिळायचे. नवरा न्हाय, रान न्हाय, पोटी कुणी न्हाय, म्हणून. एक जण बघायला आला. ही नेमकी वढ्याच्या अंगानं डोक्यावर मकवानाच्या वैरणीचा भारा घिऊन येत व्हती. त्यो लई ग्वाड बोलला. म्हणला, आज्जी, एवढा भारा उचलता, तब्येत झकास हाय की तुमची. हिला बी बरं वाटलं. म्हणली, आसलं आजून दोन उचलीन. फुडच्या महिन्यापासनं पैसे बंद. आता तूच सांग, त्येच्यानंतर आमी कुणाला जोर दावायचा?

दिशा : इथं तसं नव्हतं तात्या. इथं जोर दाखवला असता तरच...

बाजीराव : त्ये आता कळलं.

भागुबाई : माझ्या हातात काठी ह्येंनीच दिली. ह्येंच्या घरातली. मी जलमात काठी धरली न्हवती. कुठल्या हातात धरायची त्ये बी म्हाईत न्हवतं मला.

दिशा : माहीत आहे मला.

भागुबाई : काय म्हाईत हाय?

दिशा : काठीचं. त्या दिवशी सकाळी मी एसटीतून उतरून आले, तेव्हा तू नळावरून भरलेला हंडा कमरेवर घेऊन येत होतीस. मला म्हणालीस, हात धुऊन घे, भाकरी टाकते. आणि थोड्या वेळानं विहारात काठी टेकत आलीस. चाललीस, मोजून झालं, लाडू खाल्लास. मग काठी भिंतीला तशीच ठेवलीस आणि घरी गेलीस. ताठ, भराभरा. मी दारात उभी राहून बघत होते. ती काठी मीच उचलून तात्यांच्या दारात नेऊन ठेवली.

बाजीराव : मला वाटलं, वैनींनी आणून दिली.

भागुबाई : मला वाटलं, तुमीच घिऊन गेला. म्हंजी तुला कळलं व्हतं?

दिशा : कळलं असं नाही, शंका आली होती... नाही आजी. कळलं होतं. प्रतिक्षा मागून ओरडत होती, अहो मावशी, अहो तात्या, कालच्यासारखं चाला की, असं काय करताय. मी तिला विहाराच्या बाहेर बसायला सांगितलं. मोजताना कुणी मधे बोलायचं नाही असा नियम आहे. नियम खरा आहे. पण मी तिला बाहेर काढलं ते काही नियमासाठी नाही. ती बोलत राहिली असती तर मला थांबून विचारावं लागलं असतं.

भागुबाई : मग इचारायचं व्हतंस की. 'आजी, ह्ये काय सोंग?' एवढं म्हणली आसतीस तर मी तितंच काठी टाकली आसती. मला काय त्ये आवडत व्हतं व्हय? लाजंनं मेल्यावानी झालं व्हतं तुझ्याम्होरं.

दिशा : तू माझी आजी, म्हणूनच नाही विचारलं. उद्या कुणी म्हणायला नको, हिनं स्वतःच्या वस्तीतल्या माणसांना पुन्हा चालायला लावलं, आकडे वाढवून घेतले. आपल्या वस्तीतली त्या ऑफिसात मी एकटीच आहे.

भागुबाई : आसं कुणी म्हणलं व्हतं का तुला?

दिशा : नाही. कुणीच नाही. मीच आधी घाबरले.

बाजीराव : आमच्यावानीच.

भागुबाई : एका माळंचं मणी दोघं.

दिशा : अजून एक आहे, आजी.

भागुबाई : आजून काय ऱ्हायलं?

दिशा : मीटिंगमध्ये वल्लरी मॅडमनी मला विचारलं, दिशा, लासुर्णे तुझं गाव ना, तिथं असं का झालं असेल? त्यांनी सरळ मनानं विचारलं होतं. तेव्हासुद्धा मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, तिथली माणसं नेमानं येत नाहीत. लाडू घेतात आणि घरी जातात.

भागुबाई : आमी?

दिशा : हो.

भागुबाई : लाडू घ्यायला जायचो आमी?

दिशा : आजी...

भागुबाई : पावसात डोक्यावर पोतं घिऊन गेलोय. तुझा आजा गेला त्येचं पुण्यानुमोदन व्हतं, घरात पावणं जमलेलं, त्या दिशी बी आदी वर्गाला जाऊन आले न् मग वंदनेला बसले. लोक हसली मला. तुला ह्ये म्हाईत न्हवतं?

दिशा : माहीत होतं. तूच हौसेनं सांगायचीस.

भागुबाई : मग आसं कसं तोंडातनं आलं तुझ्या?

दिशा : आपल्या माणसांबद्दल होतं म्हणून आलं. परक्यांबद्दल बोलताना मी दहा वेळा विचार केला असता.

बाजीराव : वैनी, पोरीला नका बोलू. मूळ माझ्यात हाय. मी जर त्या दिशी तोंड मिटून बसलो आसतो...

भागुबाई : तुमी गप बसा भावजी. तुमचं बी आजून सरलं न्हाय. सरुबाईचं सांगितलंत का हिला?

बाजीराव : न्हाय.

दिशा : सरुबाईंचं काय?

बाजीराव : तुमीच सांगा वैनी.

भागुबाई : पडली ती. वर्ग बंद झाल्यावर पंधरवड्यानं, न्हाणीत. मांडीचं हाड मोडलं. बारामतीला नेलं, आपरेशन झालं, पर आता बाजंवरच हाय. पुतण्या हाय, समाधान, त्यो उचलून बसवतो.

दिशा : मला कुणीच कळवलं नाही.

भागुबाई : कसं कळवणार? वर्ग बंद झाल्यापासनं तुझा एक फोन आला. त्यात बी तू घाईत व्हतीस.

दिशा : वर्ग चालू असता तर पडल्या नसत्या.

भागुबाई : आसं मी म्हणत न्हाय. खोटं कशाला बोलू? म्हातारी माणसं पडत्यातच. पर वर्ग व्हता तवर ती कशाला न धरता उठायची, बसायची, पार वरच्या आळीपत्तुर हिंडून यायची. बंद झाल्यावर दिसभर एका जाग्याला बसून ऱ्हायला लागली. पायांना बी वाटलं आसंल, आता आपलं काय काम न्हाय.

बाजीराव : तिला त्या दिशी नीट चालायचं व्हतं.

दिशा : कुणाला?

बाजीराव : सरुबाईला. पिंपळाखाली समदी हसत व्हती, ती एकटी हसली न्हाय. म्हणली, माझं नाव एकदा कापून झालंय, मला आता कशाचं भ्या? मी नीट चालणार. दिशा येणार हाय मोजायला, पोरीला दावते की, वर्षाचं काय झालं त्ये. आसं म्हणून कट्ट्यावरनं हात न टेकता उठून दावलं तिनं आमाला. लई ताठ उठली. आन् मी म्हणलं, बस खाली. तुझ्यापायी समद्यांची नावं जात्याल.

दिशा : मग?

बाजीराव : मग काय? बसली.

दिशा : विहारात त्या अर्ध्यात थांबल्या होत्या. माझ्याकडं बघून हसल्या. मला वाटलं, दमल्या.

बाजीराव : दमली न्हवती.

भागुबाई : आन् ह्ये तिच्याकडं एकदा बी गेलं न्हाईत बघायला.

बाजीराव : कुठल्या तोंडानं जाऊ? माझी वाट तिच्या दारावरनंच हाय. ती पडल्यापासनं मी मागच्या बोळातनं फिरून येतो.

भागुबाई : मला वाटायचं, व्यायाम म्हणून लांबनं जाता.

दिशा : सोमवारी मीटिंग आहे. येत्या वर्षी कुठल्या गावांना पैसे द्यायचे ते त्यात ठरतं. एकदा ठरलं की मग वर्षभर कुणी काही ऐकून घेत नाही. मी जाऊन सांगते. मोजणी चुकली, आणि चुकली हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

भागुबाई : लाडवाचं बी सांगणार?

दिशा : ते सगळ्यात आधी.

भागुबाई : आन् तुझ्या कामाचं?

दिशा : माहीत नाही. माझ्या हातात परत घड्याळ देतील असं वाटत नाही.

बाजीराव : मी येतो संगट. तुझ्या मॅडमच्या हापिसात ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर चालून दावतो. म्हणंन, बाई, सोंग माझं हाय, पोरीचं न्हाय.

भागुबाई : आन् त्या म्हणल्या, तवा सोंग केलं, मग आता कशावरनं खरं?

बाजीराव : सोंग करून हळू चालता येतं वैनी. सोंग करून जोरात न्हाय चालता येत.

दिशा : खरंय तात्या. पण आता कुठलं जोरात? वर्ग बंद होऊन किती दिवस झाले. वर्षभरात पायांत आलेलं बळ बसून बसून ओसरलं असणार. आज मोजलं तर कदाचित सोंग न करताही हळूच येईल. मग मी काय दाखवू त्यांना?

बाजीराव : म्हंजी व्हतं तवा दावलं न्हाय, आन् आता दावायला ऱ्हायलं न्हाय.

दिशा : काही जणांचं तरी राहिलं असेल. मी सांगून बघते. ऐकतील असं वचन नाही देत.

भागुबाई : नको देऊ. वचन मागायला आमचं तोंड कुठं हाय? पर जाऊन सांग. मी बी येते सोमवारी. ज्यांना लाडू खाणारी म्हणलीस, त्यातली एक तरी दिसू दे त्येंना. आन् सोमवार लांब हाय आजून. आदी उठा दोघं.

दिशा : कुठं?

भागुबाई : सरुबाईकडं. ती अंडी घे.

दिशा : नको म्हणालीस ना?

भागुबाई : मला नको म्हणले व्हते. हाड जुळायला लागत्यात तिला. तुमी बी चला भावजी. आज म्होरच्या वाटंनं.

दिशा : आजी, मी त्यांना काय सांगू?

भागुबाई : मला काय इचारती? ती रोज इचारती मला, दिशाच्या घड्याळात माझं बरं आलं व्हतं का गं? मी म्हणते, आजून कळलं न्हाय. आता तू सांग तिला.

(तिघं सरुबाईच्या दारापर्यंत येतात. बाजीराव चार पावलं मागं राहतात.)

भागुबाई : सरुबाय, जागी हाईस का? दिशा आलीया बघ, बारामतीवरनं. ऱ्हाऊ दे, उठायला बघू नगंस, आमी येतो आत. भावजी, तुमी का थांबलाय तितं?

बाजीराव : व्हा तुमी फुडं. पाय उचलंना झालाय.

भागुबाई : आता कुणाला दावताय? हितं कुणी मोजत न्हाय.

बाजीराव : न्हाय वैनी. आता खरंच उचलंना झालाय.